कपाटावरची काळी पूड : वाचकांचे प्रश्न, ठसेतज्ज्ञाची उत्तरे

‘श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात शेकडो वेळा वाचलेले असते. पाचारण केल्यानंतर त्या ठसेतज्ज्ञाने नेमके काय केले, हे मात्र बातमीत सहसा येत नाही. गेल्या महिन्याभरात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत याच विषयावरचे प्रश्न इतके होते की, हे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहे. आयुष्याची बरीच वर्षे हातात कुंचला आणि डोळ्याला भिंग अशी गेल्यामुळे काही ठिकाणी उत्तर लांबले असल्यास वाचकांनी समजून घ्यावे.

गणपतीला आम्ही गावी गेलो असता आमच्या दुसऱ्या मजल्यावरील घरात चोरी झाली. चोर स्वच्छतागृहाच्या खिडकीतील काचेच्या पट्ट्या काढून आत शिरला होता. ठसेतज्ज्ञांनी लोखंडी कपाटावर आणि दोन पट्ट्यांवर पूड लावली. परंतु भिंती, पडदे आणि पलंगावर विस्कटून टाकलेल्या साड्या यांच्याकडे पाहिलेही नाही. उलट आम्हा चौघांचेच ठसे घेतले. अडीच महिने झाले तरी काही निष्पन्न नाही. हा हलगर्जीपणा समजावा काय?
— एक गृहिणी, नौपाडा, ठाणे

आपल्या वर्णनावरून तरी मला तसे वाटत नाही. बोटांच्या आणि तळव्यांच्या कातडीवर बारीक उंच रेषा असतात आणि त्या रेषांवर घामाची छिद्रे असतात. घाम बहुतांशी पाणीच असतो. उरलेल्या अल्प भागात क्षार आणि अमिनो आम्ले असतात, आणि आपण दिवसभर नकळत कपाळाला, नाकाला, केसांना हात लावत असल्यामुळे त्यात तेलकटपणाही मिसळतो. हा सगळा ऐवज रेषांच्या आकारात जिथे शिक्क्यासारखा उमटतो, तिथे ठसा मिळतो. आणि शिक्का नीट उमटण्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत व ओल न शोषणारा असावा लागतो. रंगवलेले लोखंडी कपाट, काच, चकचकीत सनमायका, स्टीलचा डबा हे सगळे आमच्या दृष्टीने चांगले. डिस्टेंपरची भिंत ओल पिऊन टाकते. सुती साडीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे, कारण बोटावरच्या एका रेषेपासून दुसरीपर्यंतचे अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि कापडाची वीणच तेवढी जाड असल्याने ठशाची रेषा कोणती आणि धागा कोणता हे ओळखता येत नाही.

पूड लावण्याचे कामही वाटते तितके सोपे नाही. कुंचल्याच्या टोकाला अगदी थोडी पूड घेऊन, टिचकीने जास्तीची झटकून, केसांची फक्त टोके पृष्ठभागावरून फिरवली जातात. आधी काहीच दिसत नाही, मग एखाद्या जागी करडी सावली दिसते, आणि त्या सावलीत एकदोन रेषा उमटल्या की हात थांबवून त्या रेषा ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने कुंचला वळवावा लागतो. दोन फेऱ्या जास्त झाल्या तर रेषांमधली जागाही पुडीने भरते आणि हाती आलेला ठसा आपल्याच हाताने पुसला जातो. नवशिक्या माणसाकडून हे हमखास होते आणि माझ्याकडूनही झालेले आहे. फिकट पृष्ठभागावर काळी, तर गडद पृष्ठभागावर ॲल्युमिनियमची रुपेरी पूड वापरतात. ठसा दिसल्यावर प्रथम शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतात आणि नंतरच पारदर्शक चिकटपट्टीने तो ‘उचलून’ कार्डावर लावतात, म्हणजे उचलताना काही बिघडले तरी छायाचित्र हाती राहते.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची वस्तू माझ्या मते कपाट नसून त्या काचेच्या पट्ट्या आहेत. बाहेरून डक्टमध्ये, म्हणजे नळांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत, उभे राहून पट्टी सरकवणाऱ्या माणसाला ती दोन्ही बाजूंनी धरावी लागते; अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला येतात. कोणत्या बाजूला अंगठा आहे, टोके आतल्या दिशेला आहेत की बाहेरच्या, यावरून पट्टी आतून धरली की बाहेरून हे कळू शकते. ठसा केव्हाचा आहे हे खात्रीने सांगण्याची पद्धत अद्याप नाही, परंतु तो कुठे आणि कसा पडला आहे हे पाहिले की त्याच्या वयाची उणीव बरीच भरून निघते. दुसऱ्या मजल्यावरच्या डक्टच्या बाजूने पट्टी धरण्याचे कारण परक्या माणसाला देता येत नाही. आपण लिहिले आहे की पाचपैकी तीन पट्ट्या, कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून, सासूबाईंनी पोलीस येण्यापूर्वीच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या. त्यांचा हेतू चांगला होता, पण कागदाच्या घर्षणाने त्यांवरचे ठसे बहुधा गेले असतील, आणि तज्ज्ञांनी दोनच पट्ट्या का घेतल्या याचे कारणही हेच असावे.

आपले ठसे घेतले ते संशयापोटी नव्हे. कपाटावर मिळणाऱ्या ठशांत बहुसंख्य घरच्यांचेच असतात; ते बाजूला काढल्याशिवाय परका ठसा हाती लागत नाही. कामवाल्या बाईंचे, आणि नुकताच सुतार येऊन गेला असल्यास त्याचेही ठसे याच कारणासाठी मागतात. आता अडीच महिन्यांविषयी. परका ठसा स्पष्ट मिळाला तरी त्या माणसाची नोंद पोलिसांकडे आधी झालेली नसेल, तर तो ठसा कुणाचा हे यंत्र सांगू शकत नाही. असा ठसा न जुळलेल्या ठशांच्या संग्रहात राहतो, आणि तो माणूस पुढे कधी दुसऱ्या गुन्ह्यात पकडला गेला की त्याच्या नव्या नोंदीशी तो पडताळून पाहता येतो. त्यामुळे तपास अधिकाऱ्यांना ‘ठसा मिळाला का’ आणि ‘ठसा जुळला का’ असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत.

आमच्या पेढीला निनावी धमकीचे पत्र आले. ते मी, माझा भाऊ आणि दोन दिवाणजी अशा सर्वांनी हाताळले. चार दिवसांनी पोलिसांकडे दिले. आता त्यावर लिहिणाऱ्याचे ठसे मिळण्याची आशा आहे काय? कागदावर पूड चालते काय?
— एक व्यापारी, घाऊक बाजार, वाशी

आशा आहे, आणि चार दिवसांचा उशीर कागदाच्या बाबतीत फारसा आड येत नाही. कागद घाम शोषून घेतो, म्हणून पुडीला तिथे काम उरत नाही. पण घामातली अमिनो आम्ले कागदाच्या तंतूंना धरून राहतात, आणि कागद कोरडा राहिला तर वर्षानुवर्षे राहतात. प्रयोगशाळेत कागदाला निनहायड्रिनचे द्रावण देतात. अमिनो आम्लाशी त्याचा संयोग झाला की जांभळा रंग येतो. ही क्रिया रुहेमान या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात १९१० मध्ये आली, परंतु ती ठशांसाठी वापरावी हे सुचायला १९५४ साल उजाडावे लागले. उष्णता आणि दमट हवा दिली तर रेषा लवकर उमटतात, नाहीतर काही दिवस थांबावे लागते. कोऱ्या दिसणाऱ्या कागदाच्या कडेला जांभळे अंगठे उमटू लागतात, तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी मला जुना वाटला नाही.

तुम्हा चौघांचे ठसे घेऊन ते वगळले जातील. अडचण एकावर एक पडलेल्या ठशांची असते. लोक पत्र एकाच जागी, उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ धरतात, आणि पाच जणांचे अंगठे तिथेच साचतात. म्हणून तज्ज्ञाचे लक्ष घडीच्या आतल्या बाजूकडे आणि पाकिटाच्या चिकटवलेल्या पाखेकडे असते, कारण तिथे वाचणारा सहसा बोट लावत नाही, लिहिणाऱ्याला मात्र लावावे लागते. यापुढे असे पत्र आल्यास ते कडेला धरून कागदी पाकिटात घालावे. एटीएमची किंवा दुकानाची छापील पावती असल्यास ती वेगळी ठेवून तसे सांगावे. ती उष्णतेने छापली जाणारी असते आणि नेहमीच्या द्रावणाने काळी पडते.

चोरीला गेलेली आमची मोटार जुलैच्या पावसात पाम बीच रस्त्याकडेला सोडलेली सापडली. ओल्या गाडीवर ठसे राहतात काय?
— एक वाचक, नेरुळ

घामातले क्षार आणि अमिनो आम्ले पावसात धुऊन जातात, तेलकट अंश मात्र टिकू शकतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळून ओल्या पृष्ठभागावर फवारले तर ते या तेलकट रेषांना चिकटतात. हे साधन हाताशी नसल्यास काच सावलीत आपोआप वाळू द्यावी. फडक्याने टिपू नये. तरीही मी प्रथम गाडीच्या आत, आरशाकडे पाहीन. गाडी चोरणारा बाहेरचा पत्रा पुसतो आणि स्टिअरिंगही पुसतो, पण बसल्याबसल्या स्वतःच्या उंचीला जुळावा म्हणून आरसा वळवलेला त्याच्या लक्षातही नसतो. प्लास्टिकच्या भागांसाठी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची, म्हणजे सायनोॲक्रिलेटची, वाफ वापरतात. बंद पेटीत ही वाफ ठशावर बसून पांढरी होते आणि रेषा घट्ट होतात.

मालिकांत संगणकावर दोन ठसे एकमेकांवर सरकतात आणि ‘जुळले’ अशी हिरवी पाटी येते. प्रत्यक्षात किती खुणा जुळाव्या लागतात? चूक होऊ शकते काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कळवा

हिरवी पाटी येत नाही. संगणक देतो ती संभाव्य नावांची यादी. निर्णय माणूस देतो.

आपल्या आजीने लहानपणी आपल्या बोटांवर शंख किती आणि चक्रे किती हे मोजले असेल. आमच्या शास्त्रातही पहिली वर्गवारी तीच आहे: साधारण ६० ते ६५ टक्के ठसे शंखाकृती, ३० ते ३५ टक्के चक्राकृती आणि उरलेले सुमारे पाच टक्के कमानीचे असतात. अर्थात शंख आहे एवढ्याने माणूस ओळखता येत नाही. ओळख पटते ती रेषांच्या बारीक खुणांवरून: रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, कुठे एवढासा तुकडा एकटाच पडलेला असतो, आणि दोन खुणांच्या दरम्यान किती रेषा येतात. संगणकापूर्वीच्या काळात ठसे घेतलेल्या हजारो पत्रिकांतून हवी ती काढण्यासाठी जी पद्धत जगभर वापरली गेली, ती हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जात असली तरी १०२४ कप्प्यांचे तिचे गणित बंगाल पोलिसांतील अझिझुल हक यांनी मांडले होते आणि हेमचंद्र बोस यांचाही तिच्यात मोठा वाटा होता. कोलकात्यात १८९७ मध्ये ठशांचे कार्यालय सुरू झाले, ते लंडनच्या स्कॉटलंड यार्डच्याही आधी. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आज महाराष्ट्रात ‘ॲम्बिस’ ही संगणकीय प्रणाली आहे आणि देशपातळीवर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘नाफिस’ आहे. तिच्यात नोंद झालेल्या व्यक्तीला दहा अंकी क्रमांक मिळतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात.

खुणांच्या संख्येविषयी म्हणाल तर आपल्या कायद्यात आकडा लिहिलेला नाही. फ्रान्सचे गुन्हे-तपासतज्ज्ञ लोकार यांनी १९१४ मध्ये, ठसा स्पष्ट असेल तर बारापेक्षा अधिक खुणा जुळल्यावर शंका राहत नाही असे मांडले. इंग्लंडने अनेक दशके १६ खुणांचा आग्रह धरून २००१ मध्ये तो सोडून दिला. संख्येइतकेच महत्त्व खुणांच्या दर्जाला असते, आणि न पटणारी एक जरी खूण समाधानकारक स्पष्टीकरणाशिवाय राहिली तर जुळणाऱ्या डझनभर खुणा कामाच्या नाहीत.

चूक होऊ शकते, आणि झालेली आहे. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत बाँबस्फोट झाले. एका पिशवीवर मिळालेला ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ब्रँडन मेफिल्ड या ओरेगॉनमधील वकिलाचा ठरवला. तीन परीक्षकांनी तसे म्हटले, पुढे न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञानेही दुजोरा दिला आणि मेफिल्ड सुमारे दोन आठवडे कोठडीत राहिले. स्पेनचे पोलीस ठसा जुळत नसल्याचे सांगत होते, आणि शेवटी त्यांनीच तो एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखवले. एफबीआयला माफी मागावी लागली. लक्षावधी नोंदींतून यंत्राने सर्वांत सारखे ठसे काढून दिले की दुसऱ्या कुणाचा ठसा फसवण्याइतका सारखा निघण्याची शक्यता वाढते, आणि पहिल्या परीक्षकाचे मत कळल्यावर दुसऱ्याला वेगळे दिसणे अवघड जाते. म्हणून पडताळणी करणाऱ्याला आधीचे मत ठाऊक नसावे, असा माझा सेवेत असतानाही आग्रह होता. त्यावरून वरिष्ठांशी खटकेही उडाले. पुढे १६९ अमेरिकी परीक्षकांच्या २०११ मधील चाचणीत चुकीने जुळवल्याचे प्रमाण सुमारे ०.१ टक्का, आणि खरा जुळणारा ठसा चुकीने नाकारल्याचे प्रमाण सुमारे ७.५ टक्के आढळले.

देशातील जवळजवळ प्रत्येकाची दहाही बोटे आधारमध्ये आहेत. मग घटनास्थळाचा ठसा तिथेच का पडताळत नाहीत?
— निवृत्त बँक कर्मचारी, खारघर

कारण कायदा तशी परवानगी देत नाही. आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची माहिती कोणत्याही कारणासाठी कुणालाही देता येत नाही. हा कायदा येण्यापूर्वी गोव्यातील एका तपासात अशी माहिती देण्याचा आदेश झाला होता, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०१४ मध्ये तिथे त्याला आळा बसला. सोय आणि कायदा यांचा हा वाद बाजूला ठेवला तरी एक तांत्रिक बाब उरते. आधारची रचना ‘हा माणूस तोच आहे काय’ हे स्वच्छ, जिवंत बोटावरून तपासण्यासाठी आहे. कपाटाच्या कडेवर पडलेला अर्धामुर्धा, ओढला गेलेला ठसा कुणाचा हे शोधणे अगदी वेगळे काम आहे. मेफिल्ड यांचे उदाहरण वर दिलेच आहे. शंभर कोटींहून अधिक लोकांच्या साठ्यात असा शोध घेतल्यास किती निरपराधांची नावे वर येतील याचा विचार मला तरी अस्वस्थ करतो.

मी चार घरी धुणीभांडी करते, पत्र मुलीकडून लिहून घेते आहे. एका घरी अंगठी हरवली म्हणून मला चौकीवर बोलावून ठसे द्या म्हणाले. अटक केलेली नाही. नाही म्हणता येते का? आणि माझा अंगठा रेशनच्या यंत्रावरही उठत नाही, मग दुसऱ्याच कुणाचा ठसा माझा म्हणतील का?
— एक ताई, कोपरी, ठाणे

ताई, २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याप्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीला ठसे द्यावेच लागतात. अटक झालेली नसेल तर तपासासाठी आपले ठसे हवेत असा आदेश पोलिसांना दंडाधिकाऱ्यांकडून आणता येतो. तो आदेश आला की नकार देता येत नाही. आदेश नसेल तर ठसे देणे हे आपल्या संमतीवर आहे, आणि ते कशासाठी घेत आहेत हे विचारून कागदावर लिहून मागण्यात गैर काही नाही. ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ठरवलेले आहे. मात्र आपण त्या घरी रोज काम करता, त्यामुळे तिथल्या ओट्यावर, कपाटावर आपले ठसे असणारच, आणि त्यावरून चोरी सिद्ध होत नाही. जलपैगुडीच्या चहामळ्यातील ज्या खुनाचा खटला १८९८ मध्ये चालला, त्यात कंगाली चरण नावाच्या माणसाच्या अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा मयताच्या कागदपत्रांत मिळाला होता. तरीही न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल दिली नाही. हात लागला होता, एवढेच ठसा सांगतो.

साबण-सोड्याने आपल्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या यंत्राला त्या वाचता येत नाहीत, पण भिंगाखाली खालचा आकार बहुतेक वेळा दिसतो, आणि हात काही दिवस पाण्याबाहेर राहिले तर रेषा पुन्हा वर येतात. झिजलेल्या बोटाचा ठसा अपुरा येतो आणि अपुऱ्या ठशावर प्रामाणिक तज्ज्ञ मत देत नाही. वस्तूवरचा दुसऱ्या कुणाचा ठसा आपल्या नावावर लावायचा तर त्याच्या खुणा आपल्या बोटाशी जुळवून दाखवाव्या लागतील.

जुळ्या भावांचे ठसे सारखे असतात काय?
— एक विद्यार्थिनी, घणसोली

नसतात, एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचेही नसतात. शंख-चक्राचा साधारण घाट सारखा येऊ शकतो. पण गर्भाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात रेषा तयार होताना प्रत्येक बोटावर पडणारा ताण वेगळा असतो आणि बारीक खुणा त्यावर ठरतात.

नौपाड्याच्या भगिनींनी ताजा कलम म्हणून एक प्रश्न जोडला होता, की कपाटावरची काळी पूड पुसू तितकी पसरते आहे, तर काय करावे. ओले फडके सर्वांत आधी लावले की असेच होते. तपास अधिकाऱ्यांकडून काम पूर्ण झाल्याची खात्री करून घ्यावी आणि मग प्रथम व्हॅक्यूम क्लीनरने किंवा मऊ कोरड्या कागदाने, न घासता, सुटी पूड उचलावी. त्यानंतर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून वीतभर जागा पुसावी, फडके दर वेळी पालटावे आणि मगच पुढच्या जागेकडे जावे. भिंतीवर उडालेली पूड मात्र तशीच राहू द्यावी. डिस्टेंपरवरचा तो डाग धुऊन जात नाही, रंगाऱ्यालाच बोलवावे लागते.